परत येण्याचा दाखला

आमच्या काजूच्या शेडमध्ये आम्ही आठ बायका. हात काजू सोलण्यात गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत एकीकडे टरफलांचा ढीग होतो, दुसरीकडे बोलण्याचा. टरफलं न्यायला टेम्पो येतो. बोलणं न्यायला कोणी येत नाही, ते साठतच जातं. गेल्या वर्षभरात त्यात सगळ्यात जास्त भर मी घातली, कारण मला जर्मनीला जायचं होतं.

जर्मनी बघायला नव्हे. माझी एकुलती एक मुलगी दीपा तिकडे इस्पितळात नर्स आहे. तिला दिवस राहिले. जावयाची नोकरी शिफ्टची, त्याची आई वारलेली. पहिलं बाळंतपण आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "आये, तू ये." मी म्हटलं, "येतंय." त्या एका शब्दासाठी मला जे जे करावं लागलं, ते ह्या बायकांनी इतक्या वेळा सांगायला लावलं, की शेवटी माझ्या बाजूला बसणारी शालन म्हणाली, "गो सुनंदा, आता लिहून काढ. माझे कान किटले."

मी चौथी पास आहे. लिहिता येतं. चुका मास्तरांनी काढाव्यात.

*

सुरुवात पासपोर्टापासून. तो दीपाने लग्न झाल्याबरोबर माझ्या मागे लागून करायला लावला होता. फॉर्म भरला, फोटो दिला. मग पोलीस घरी येऊन बघतात, बाई सांगते तिथेच राहते की नाही. आमच्याकडचा हवालदार आला तो नेमका गावपळणीत.

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावाला दर तीन-चार वर्षांनी गावपळण असते. देवाला कौल लावतात, आणि देवाने हो म्हटलं की सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, मागे काही ठेवायचं नाही. माळावर नारळाच्या झापांच्या खोपटी घालून तीन दिवस राहायचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देवाने या म्हटलं की परत. तोवर वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही.

हवालदार घाटावरचा, नवीन बदलून आलेला. माझ्या खोपटीसमोर मोटारसायकल उभी करून मलाच विचारतो, "सुनंदाबाईंचं घर कुठे?"

"मीच सुनंदा."

"मग इथे काय करताय? तुम्ही पत्त्यावर पाहिजे."

"पत्त्यावर परवा. आता देवाची मनाई आहे."

"मला रिपोर्ट आजच द्यायचाय."

"मग इथेच बघा की मला. परवा घरात असेन ती पण मीच."

"असं कसं? इथे बघून काय उपयोग? पत्ता तो आहे."

मी त्याला चहा दिला. घावणे दिले. त्याने माझा आधार कार्डावरचा फोटो माझ्या तोंडाशी ताडून बघितला, दीपाची चौकशी केली, तिकडे थंडी किती असते ते विचारलं. मग वेशीवर उभं राहून लांबूनच बंद दारं बघितली आणि कागदावर लिहिलं, "अर्जदार पत्त्यावर आढळून आली नाही."

पासपोर्ट तीन महिने लटकला. शालन म्हणाली, "मग मेल्यान घावणे खाल्ले ते कोणाचे? भुताचे?"

*

व्हिसासाठी कुडाळला एक कन्सल्टंट गाठला. थंडगार ऑफिस, भिंतीवर बर्फाचे डोंगर, आणि हा वीस प्रश्न विचारतो पण एकाचंही उत्तर ऐकत नाही.

"कशासाठी जाताय?"

"मुलीच्या बाळंतपणाला."

"ते लिहायचं नाही, मावशी. बाळंतपण म्हटलं की त्यांना वाटतं ही बाई राहिली तिकडेच. मी बघतो काय लिहायचं ते."

त्याने इंग्रजीत पत्र लिहिलं. बोट ठेवलं तिथे मी सही केली. मला वाचता येत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून ठेवते, कारण तिचे भोग पुढे आले.

मग फोटोचे नियम सांगितले. चेहरा समोर, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही.

मी म्हटलं, "तुमच्या ऑफिसात पाय ठेवल्यापासून मी हसले आहे कुठे?"

*

फोटोवाल्याने वेगळंच केलं. परदेशात जाणार म्हणून त्याला माझी दया आली असावी. गालावरचा तीळ काढला, डोळ्यांखालचं काळं पुसलं, रंग दोन हात उजळ केला. माझ्या नवऱ्याला फोटो दाखवला तर तो म्हणतो, "ही कोण? लग्नाच्या वेळी दाखवूक होयी होती."

मुंबईला व्हिसाच्या सेंटरवर कागद घेणाऱ्या पोरीने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "मॅडम, हा फोटो तुमचा वाटत नाही."

"माझा नाहीच तो. फोटोवाल्याच्या मनातला आहे."

तिथेच दुसरा काढला. तीळ परत आला.

मग बोटांचे ठसे. मशीनवर चार बोटं ठेवली, लाल दिवा. पुसून ठेवली, लाल दिवा. पोरगी म्हणते, "मॅडम, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत."

काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. हातांना राख लावा, खोबरेल लावा, वीस वर्षांत ते रेषा खातंच. मी सांगितलं तिला. तिने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मग आता आम्ही काय करायचं?"

"ते तू बघ. तू दिवाळीला काजूकतली खातेस तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, की सुनंदा, रेषा जपून ठेव."

मागच्या रांगेतला एक सुटाबुटातला माणूस हसला. पोरगी हसली नाही, पण ओला रुमाल आणून बोटं एकेक करून दाबू लागली. सहा लागली, चार नाही लागली. चालेल म्हणाली.

*

विमा पण लागतो. तिकडे आजारी पडलात तर दवाखान्याचा खर्च त्यात, हे मला पटलं. पण कन्सल्टंट पुढचं कलम अगदी अभिमानाने वाचून दाखवायला लागला. "आणि मावशी, समजा तिकडे काही बरंवाईट झालं, तर तुमची बॉडी भारतात परत आणायचा खर्च यातूनच. हे असल्याशिवाय व्हिसा देतच नाहीत ते."

हे मी शेडमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. मग शालन म्हणाली, "म्हणजे मेल्यावर तू परत येतलंस ह्याची त्यांका खात्री आसा. जित्तेपणीच नाय."

*

आणि ते खरंच निघालं. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आत पासपोर्ट, व्हिसा नाही. सोबत एक कागद, त्यावर चौकोनांची रांग, आणि एका चौकोनात फुली. दीपाने फोनवर कागदाचा फोटो मागवून अर्थ सांगितला: मुदत संपायच्या आत ही बाई आमच्या देशातून परत जाईल, याबद्दल शंका आहे.

मग तिने ते कन्सल्टंटचं पत्र मागवलं. वाचलं.

"आये, तुका म्युझियम बघूचा होता?"

"काय?"

"हयसर लिवलला आसा. तुका किल्ले, म्युझियम आणि संगीताची आवड आसा. आणि माझ्या पत्रात मी लिवलंय, आवस बाळंतपणाक येता."

एकाच फाइलमध्ये मुलगी म्हणते आई बाळंतपणाला येते, आणि आई म्हणते मी संगीत ऐकायला जाते. कोणीही शंका घेईल. दीपा रडली नाही, ती रडणारी नाही. म्हणाली, "जाऊ दे, इथल्या नर्सेस आहेत माझ्यासोबत." माझ्याशी प्रमाण मराठी बोलली की समजायचं, पोरीच्या मनाला लागलंय. तिच्या तारखेला सात आठवडे उरले होते.

*

कन्सल्टंटकडे गेले. त्याला लाज नव्हती, नवीन आयडिया होती. "पुढच्या वेळी तुम्हाला काजू कंपनीची मॅनेजर दाखवू. लेटरहेड मी करून देतो."

"मी सोलते. मॅनेजर सोलत नाही."

"मावशी, तुमचा प्रॉब्लेम काय आहे, तुमची ट्रॅव्हल हिस्टरी शून्य आहे. तुम्ही एकदाही कुठे जाऊन परत आलेल्या नाही. परत आल्याचा काहीतरी पुरावा लागतो ना."

मी फाइल त्याच्या टेबलावरून उचलली आणि निघाले. पायऱ्या उतरेपर्यंत तो "मावशी, मावशी" करत होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हे सांगितलं. शालन काजू सोलतच होती, मान वर न करता म्हणाली, "परत इल्याचो पुरावो? तो आबांकडे आसा."

आबा म्हणजे आमच्या देवळातले मानकरी. देवासमोर गाऱ्हाणं तेच घालतात, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलतात. गावपळणीला सगळे बाहेर पडले की नाही, आणि सगळे परत आले की नाही, हे बघणं त्यांच्याकडेच. मी गेले तर आबा ओसरीवर सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिवन घी."

मग सरपंचांच्या सहीशिक्क्याने कागद तयार झाला. त्यातला मजकूर असा: "दाखला देण्यात येतो की सुनंदा ही लग्न होऊन गावात आल्यापासून प्रत्येक गावपळणीस गावाबाहेर गेलेली असून प्रत्येक वेळी कौल मिळताच गावात परत आलेली आहे. परवानगीपेक्षा जास्त एक दिवसही बाहेर राहिलेली नाही. सोबत कोंबड्या होत्या."

कोंबड्यांचं कशाला, असं मी विचारलं. आबा म्हणाले, "खरा ता सगळा लिवचा."

शाळेतल्या मास्तरांनी त्याचं इंग्रजी केलं. सोबत खोपटीसमोरचा माझा फोटो, तीळ आणि कोंबड्यांसकट. माझं स्वतःचं पत्र दोन ओळींचं: माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. ते करून मी माझ्या घरी परत येणार. दीपा म्हणाली, "आये, हसतीत गो ते." मी म्हटलं, "हसांदेत. फाइल खरी आसा."

व्हिसा आला. तिची तारीख बारा दिवसांवर आली होती.

कन्सल्टंटला कुठून तरी कळलं. त्याचा फोन आला, "मावशी, काय जोडलं होतं हो? एक कॉपी पाठवा ना, दुसऱ्या क्लायंटला लागेल."

मी विचारलं, "तुमचा क्लायंट गावपळणीला येतो?"

*

जाताना सामानाचा घोळ. मी बाळंतिणीसाठी साजूक तुपातले डिंकाचे लाडू केले, आणि शालनने जबरदस्तीने सुके बांगडे दिले. जाऊ माझी शहाणी, म्हणाली लाडू ने, बांगडे ठेव, वासाने तुला विमानातून उतरवतील. दीपाने नियम बघून कळवलं, दूधतूप आत न्यायला बंदी, सुकी मासळी चालते. लाडू जावेने ठेवून घेतले. तिला ते नियम फार आवडले.

*

उतरल्यावर काचेमागे एक साहेब. उंच, लाल, कंटाळलेला. त्याने काहीतरी विचारलं, मी फाइल सरकवली. माझ्या मागे सांगलीचा एक विद्यार्थी होता, तो पुढे येऊन दोन्हीकडचं सांगू लागला.

साहेबाने परतीचं तिकीट बघितलं, विमा बघितला, दीपाचं पत्र बघितलं. मग आबांचा दाखला निघाला. तो त्याने वाचला. पुन्हा वाचला. बाजूच्या साहेबाला बोलावून त्यालाही वाचायला दिला. मागे रांग वाढत होती.

"मावशी, विचारतायत, सगळा गाव बाहेर जातो?"

"सगळा."

"मग राखण कोण करतं?"

"कोणी नाही."

"चोऱ्या होत नाहीत?"

"चोर पण आमच्याबरोबर बाहेरच असतो ना."

साहेबाने फोटोतल्या कोंबड्यांवर बोट ठेवलं. विद्यार्थी म्हणाला, "ह्या पण परत आल्या का, विचारतायत."

"एक सोडून. ती तिसऱ्या दिवशी खाल्ली."

ते सांगितल्यावर बाजूचा साहेब हसला. माझा हसला नाही. कागद खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. "मावशी, हे जरा जपून सांगा. ते म्हणतात, देवाने परत येऊ नका म्हटलं तर तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "सांग त्याला. एक दिवस आणखी थांबा, असं देव एकदा म्हणाला होता. येऊच नका, असं अजून कधी म्हणाला नाही. तसं म्हणतात ते हे काचेमागचे साहेबच."

विद्यार्थ्याने माझ्याकडे बघितलं आणि तेवढं सगळं तीन शब्दांत सांगितलं. काय सांगितलं देव जाणे. साहेबाने शिक्का मारला.

बाहेर दीपा उभी होती, दोन्ही हात कमरेवर, पोट पुढे. "आये, सगळी माणसा भायर इली. इतको वेळ आत काय करी होतंस?"

"गाऱ्हाणा घालीत होतंय," मी म्हटलं, आणि सुक्या बांगड्यांची पिशवी जावयाच्या हातात दिली.