रुईवरचा आणि मातीतला

आमची मुलगी मुक्ता नाकतोड्यांवर संशोधन करते. परवा मीही तिच्याबरोबर माळावर गेलो. रुईच्या पानावर एक नाकतोडा बसला होता, पिवळाधमक आणि अंगावर निळे पट्टे. तिने तो दाखवला आणि मग पायाजवळच्या ढेकळांतून दुसरा उचलला. तो मातीच्याच रंगाचा, खडबडीत.

“बाबा, हे दोघे एकाच कुळातले.”

“काहीतरीच! रंग नाही, रूप नाही.”

“रंगावर जायचं नसतं. दोघांच्या डोक्यावर पुढे ही बारीक खाच आहे बघा.”

मी चष्मा सारखा केला. खाच दिसली की दिसल्यासारखी वाटली, कोण जाणे. याच कुळातले नाकतोडे आफ्रिकेत आहेत, ऑस्ट्रेलियातही आहेत, असं ती सांगत होती. एवढेसे जीव समुद्रापार पोचले कसे, असं मी विचारलं.

“त्यावर अजून एकमत नाही,” ती म्हणाली. मला जरा बरं वाटलं.

मुक्ता दीड वर्षाची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. तिला ते लहानपणापासून माहीत आहे. हातातला नाकतोडा हलकेच खाली सोडून ती म्हणाली, “मला जन्म देणाऱ्या आईला शोधावंसं वाटतंय. तुम्ही याल बरोबर?”

“येईन की,” मी लगेच म्हणालो.

परतताना ती नेहमीसारखी बडबडत होती. मला वाईट वाटतंय, भीती वाटतेय की तिचं कौतुक, काही ठरेना. त्या बाई सापडल्याच, तर मी नमस्कार करून ओळख काय सांगणार? मुक्ताचा बाबा, असं त्यांच्यासमोर म्हणता येतं का, ते मला अजून कळलेलं नाही.