लेकीच्या वाट्याचं सरपण

शेजारची मावशी दोन लाकडं कानाजवळ नेऊन एकमेकांवर आपटायची. टण्ण वाजलं की ढिगावर, भद्द वाजलं की पुन्हा उन्हात. "ओलं लाकूड लेकराला रडवते, ताई," म्हणायची.

सेनगावजवळच्या आमच्या गावात तिची-माझी भिंत एकच. कापूस निघाला की ती पऱ्हाट्या उपटून आणायची, बांधावरच्या बाभळी छाटून घ्यायची आणि मिरगाच्या आत सगळं पत्र्याखाली रचायची. खाली दगड, नाहीतर वाळवी लागते. घरचा स्वयंपाक गॅसवर. हे सरपण लेकीच्या बाळंतपणासाठी होतं: न्हाण्याचं पाणी तापवायला, बाजेजवळ शेगडी पेटवायला.

लेक मात्र येत नव्हती. पाच वर्षांपूर्वी तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं आणि बापानं दार लावून घेतलं. मावशी म्हणायची, "त्यायनं हाक मारल्याबिगर कशी बोलावू? पण मारतील. कवा मारतील तवा सरपण तयार पाहिजे का न्हाई?"

मी आशा कार्यकर्ती. बाळंतिणीच्या खोलीत विस्तव नको, हे घरोघर सांगणं माझं काम. तिलाही सांगून पाहिलं. "पोस मैन्यात शेक कोण देते मंग? तुमचा डाक्टर?" तिच्यापुढं माझी काय डाळ शिजणार!

हिवाळ्यात लेक यायची नाही, पण गावात कुणाची तरी सून बाळंत व्हायची. मग मावशी मोळी डोक्यावर घेऊन त्यांच्या दारात टाकायची. "न्या. थंडी आपलं-परकं पाहत न्हाई." उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून. आणि गंमत बघा, बाभळीची खोडं फोडायला कुऱ्हाड घेऊन तिचा नवराच उभा. मुकाट फोडायचा. कशासाठी, ते त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. काय एकेक हट्टी माणसं! मला दोघांचाही राग यायचा.

लेकीचा नंबर माझ्याकडं होता. पण दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा, म्हणून मी कधी लावला नाही.

मागच्या मार्गशीर्षात मावशी अंगण झाडता झाडता खाली बसली ती उठलीच नाही. सरणाला लाकडं हवीत म्हणून माणसं पत्र्याखालच्या ढिगाकडं वळली, तसा नवरा आडवा आला.

"त्याला हात लावू नका. ते पोरीचं हाय."

पाच वर्षांत पोरीचा विषय त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. लाकडं वखारीतून आणली. आणि मी फोन लावला.

लेक दुसऱ्या दिवशी पुण्याहून पोचली, तोवर सगळं उरकलं होतं. कडेवर तीन वर्षांची पोरगी. म्हाताऱ्या बापानं ढिगातली चार लाकडं काढली, चूल पेटवली, पाणी तापवलं. "लेकराला न्हाऊ घाल," म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

ती पोरीचे कपडे काढत होती. "हिच्या वक्ताला आमी दोघंच होतो, ताई. भाड्याची खोली. शेक द्यायला कुणी न्हाई." त्या हिवाळ्याचं सरपण मावशीनं सुताराच्या सुनेला पोचवलं होतं. मोळी उचलून मीच मावशीच्या डोक्यावर दिली होती. ढिगाची सगळी गोष्ट मी लेकीला आत्ता सांगितली.

"माय दरसाल माझ्यासाठी सरपण भरून राहिली, हे तुमाला ठाऊक व्हतं. माझा नंबरबी व्हता. मंग काहून न्हाई सांगितलं?"

मी पाण्यात हात घालून पाहिला. "लई कढत आहे, बाई," म्हणाले. "थोडं विसण घाल."