झऱ्यापासून पार्किंगपर्यंतची वीस मिनिटं

आपल्या ऑकलंडच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच – ग्रेट बॅरिअर बेटावर बघण्यासारखं काय आहे? हीप्स, म्हणजे ढीगभर आहे! मोकळे किनारे, जंगलातले गरम पाण्याचे झरे, ऑकलंडमध्ये कधी दिसणार नाहीत इतक्या चांदण्या. पण झऱ्यावरून परतताना आमच्यासोबत जे झालं ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही, म्हणून लिहितेय.

आधीच सांगते, भूतखेत आमच्याकडे चालत नाही. नागपूरच्या घरी दारासमोरच बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. बाबा रिटायर्ड विज्ञान शिक्षक. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की ते आधी थर्मामीटर शोधतात.

गेल्या जानेवारीत ते माझ्याकडे ऑकलंडला, फ्लॅट बुशमध्ये आले होते, तेव्हा आम्ही दोघंच बेटावर गेलो. झऱ्यात पाय बुडवून निघालो तेव्हा साडेबारा वाजले होते. पार्किंगपर्यंत वीस मिनिटांची सपाट वाट, एकही फाटा नाही. बाबांना डायबेटिस, जेवण घड्याळाच्या काट्यावर. वाटेत झाडाखाली एक सपाट दगड दिसला, तिथेच बसून त्यांनी इन्सुलिन टोचून घेतलं.

"काढ डबा," म्हणाले.

मी बॅग उघडली... डबा गाडीत! ज्यूस, बिस्किटं, सगळं गाडीतच. चूक माझीच होती.

"अगं, वीस मिनिटं तर आहेत. चल."

पंचवीस मिनिटं चाललो आणि समोर – तोच दगड. वर बाबांचा विसरलेला रुमाल.

"बोलता बोलता उलटे वळलो असू," बाबा म्हणाले. मग वाटेलगतचा ओढा डाव्या हाताला ठेवून मुकाट्याने चाललो. पुन्हा तोच दगड. तिसऱ्यांदा तिथे पोचलो तेव्हा बाबांना दरदरून घाम फुटला होता, साखर उतरत चालली होती. फोनला रेंज नाही, दोन्ही बाजूंना मानूकाची गच्च झुडपं, हाकेला ओ देणारं कुणी नाही. बाबा इथेच कोसळले तर? मी रडायच्या बेतात होते. आजी याला चकवा म्हणायची. तो शब्द बाबांसमोर काढायची मला लाज वाटत होती.

बाबा मात्र वाकून दगडाकडे बघत होते. शेवाळाखाली झिजलेली अक्षरं होती.

"ही कबर आहे गं," ते म्हणाले. "मी बुटांसकट बसलो हिच्यावर."

त्यांनी कसेबसे बूट काढले. आयुष्यात कुठल्या दगडापुढे न वाकलेल्या माझ्या बाबांनी हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणाले, "माफ करा, दिसलं नाही. पोरगी घाबरलीय माझी. जाऊ द्या आम्हाला."

त्यांना खांद्याचा आधार देत मी निघाले. दहाच मिनिटांत गाडी दिसली! ज्यूस पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

संध्याकाळी तिथल्या डेअरीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, ती वाट गोल फिरते का?

"नाह, लव्ह. सरळ आहे. हरवणार कुठे?"

बाबा आता नागपुरात आहेत. विषय निघाला की ठामपणे सांगतात, "साखर उतरली की मेंदूला भास होतात. सायन्स आहे." मी वाद घालत नाही. पण मला डायबेटिस नाही... आणि तिन्ही वेळा तो दगड आधी मला दिसला होता.