सुनीताच्या डिस्कची दुसरी कॉपी

टीव्हीशेजारच्या कॉम्प्युटरच्या मशीनला हात लावला आणि लगेच मागे घेतला. तव्यासारखं तापलं होतं. वर जाड अस्तराचं, लेस लावलेलं कव्हर. सुनीता शिवणकाम करते. मिक्सरला, टीव्हीला शिवते तसं तिनं यालाही शिवलं होतं, चारी बाजूंनी बंद.

"धूळ जाऊ नये म्हणून घातलं, काकू. सकाळपासून टीव्हीवर कुछ दिखतच नाही."

बुधवारा भागात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पंधरा दिवसांपूर्वी बहादरपूर गावात तिच्या घरी मीच हे बसवलं होतं. बजेट कमी, म्हणून एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला. त्यात हार्ड डिस्क, म्हणजे सगळं साठवायची डबी. टीव्ही वायफायवरून तिच्यातला व्हिडिओ मागतो आणि दाखवतो. नेटचं रिचार्ज लागत नाही. सिनेमे, भजनं होतीच, पण खरं काम तिच्या नवऱ्याच्या व्हिडिओंचं. तो दोन वर्षांपूर्वी वारला. सासूला मोबाइलवर बारीक दिसत नाही.

व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये होते. ते डिस्कवर उतरवून मी म्हणाले होते, "आता फोन रिकामा केलास तरी चालेल." तिनं त्याच दिवशी केला. दुसरी डिस्क बजेटमध्ये बसेना म्हणून मीच नंतर बघू म्हटलं होतं. आता त्या माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण हाताला चटका देत होतं.

सासूनं खाटेवरून विचारलं, बिघडलं का. सुनीता म्हणाली, लाइट नाही.

"लाइट नाही अन् पंखा फिरतोय? मला कमी दिसतं, येडी नाही झाले मी."

मी डिस्क काढली, रुमालात गुंडाळली. सुनीता दुकानात सोबत आली. माझ्या कॉम्प्युटरला जोडली. दिसेना. काढली, टेबलफॅनसमोर ठेवली. अर्ध्या तासानं पुन्हा जोडली. दिसेना. सुनीता सारखी म्हणत होती, मीच कव्हर घातलं, मेरीच गलती.

तिसऱ्यांदा केबल बदलली. डिस्क दिसली. सिनेमे सोडले, आधी नवऱ्याचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावलं. मधे मधे अडकत होतं. मी माऊसला हात लावला नाही, चहा मागवला नाही.

संध्याकाळी संपलं. दोन व्हिडिओ आले नाहीत. एक केळीच्या बागेतला, एक मुलीच्या बारशाचा.

"बारशाचा गेला," मी म्हणाले. "कव्हरनं मशीन तापलं, पण फोन रिकामा करायला मी सांगितलं होतं. चूक माझी."

दुसरी डिस्क नेऊन तिच्या मशीनमध्ये बसवली. बाकीचे सासूनं त्याच रात्री पाहिले. बारशाचा कुठे आहे, हे तिनं दोनदा विचारलं.

दुसरी डिस्क मी तिथेच ठेवून आले, माझ्या खर्चानं. आता गिऱ्हाईक कितीही घाई करो, दोन ठिकाणी उतरल्याशिवाय मी कुणाला काही पुसायला सांगत नाही. इतकी साधी गोष्ट शिकायला मला दुसऱ्याच्या घरचं बारसं लागलं.