गच्चीवरचा तंबू

दसऱ्यात म्हैसूर किती सुंदर दिसतं, हे मला पाहुण्यांकडून कळतं. ते रोषणाई बघून येतात, पाय धुतात आणि जेवताना वर्णन करतात. मी तेव्हा पोळ्या लाटत असते. लग्न झाल्यापासून एकही दसरा असा गेला नाही की हॉलभर गाद्या पसरल्या नाहीत आणि बाथरूमपुढे रांग लागली नाही. कॉफीची तर फर्माईश संपतच नाही. या लवाजम्याची म्होरकी माझी थोरली नणंद. जन्मली याच घरात, वाढली इथेच, पण लग्न होऊन पुण्याला गेली आणि आता दरवर्षी येऊन आमचं मराठी दुरुस्त करते.

यंदा बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीचा फोन आला. सरगूरच्या पुढे एका शेतावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव होता, तंबूत राहायचं होतं, आणि तिची मैत्रीण ऐनवेळी गळाली होती. “आई, येतेस?” तिने विचारलं खरं, पण उत्तर ठाऊक असल्यासारखं दुसऱ्याच विषयावर बोलायलाही लागली. त्याचाच मला राग आला. “येते,” म्हटलं. तारखा नंतर बघितल्या. ऐन नवरात्र!

“कूर्गसारखं करू नको हां,” ती म्हणाली. कूर्गची सहल मी आदल्या दिवशी रद्द केली होती, घरी पाहुणे आले म्हणून. त्याआधी तिच्या ऑफिसातला कौतुकसोहळाही असाच बुडवला होता. “या वेळी नाही आलीस ना, तर मी पुन्हा विचारणार नाही.” रागावून म्हणाली असती तर चाललं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली.

गाण्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. तिने यापुढेही मला विचारत राहावं, एवढंच हवं होतं.

मग तयारी सुरू झाली. लेक फोनवरून मला शिकवायला लागली, की चटया घे, टॉर्च घे, दोरी घे, डासांचं मलम घे, बाथरूमला रांग असेल तर चिडू नको. मला! गुंडाळायच्या गाद्या, जादा उशा, थर्मास, स्टीलच्या ताटल्या, सगळं माझ्या कपाटात होतंच. पाहुण्यांसाठी घेतलेलं. इतकी वर्षं मी दुसरं काय चालवत होते?

नवऱ्याला सांगितलं. पेपरातून मान वर न काढता तो म्हणाला, “मग अक्काला कोण बघणार?”

“तुम्ही बघा. बहीण तुमची.”

त्याने पान उलटलं.

तंबू लेकीने कुरिअरने पाठवला आणि एकदा घरी उभारून बघ म्हणाली. अंगणात फरशी, दोऱ्या बांधायलाही काही नाही, म्हणून गच्चीवर नेला. त्या लवचीक काड्यांनी माझा जीव खाल्ला. एक टोक अडकवावं तर दुसरं निसटून गालावर बसायचं. शेवटी दोऱ्या पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधल्या, कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या आणि आत जाऊन बसले. निळा उजेड होता. खालचा टीव्ही ऐकू येत नव्हता. मला इतकं बरं वाटलं की माझीच मला चीड आली.

नणंद आली ती सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी, सगळ्या परिवारासह. चहाच्या आतच बातमी तिच्या कानावर गेली आणि ती थेट स्वयंपाकघरात आली. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, आम्ही त्यांना गोंबेच म्हणतो. रोज संध्याकाळी आरती, उसळीचा प्रसाद, बघायला येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू.

“गोंबे टाकून घरची सून गाणं ऐकायला जाणार? आई असती तर?”

“आई असत्या तर तुम्हाला आरती करायला लावली असती. त्यांचेच गोंबे आहेत, वन्सं.”

“मी इथे पाहुणी आहे.”

“मग पाहुणीसारखं सुम्मने बसा की.”

“सुम्मने काय? गप्प म्हण. साधं मराठी येत नाही अजून.”

“अय्यो, लग्नाआधी तुम्हीही सुम्मनेच म्हणायचात, आई सांगायच्या. पुण्याने धुऊन काढलं तुम्हाला.”

तिचा चेहरा लाल झाला. “तू जाणार असशील तर मी आजच्या आज परत जाते,” ती म्हणाली, “आणि पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही.” हॉलमध्ये नवऱ्याने पेपर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. कूर्गच्या वेळीही त्याने असंच पाहिलं होतं.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी फोन घेऊन गच्चीवर गेले. लेकीला काय सांगायचं ते जुळवत होते. तंबूची चेन लावलेली होती आणि बाहेर नणंदेच्या चपला होत्या.

“वन्सं?”

“झोपू दे मला. इथे कुणी ओलांडून जात नाही.”

“तंबू माझा आहे.”

“खोली माझी होती,” आतून आवाज आला. “तू सून होऊन आलीस, तुम्हा दोघांना दिली. तेव्हापासून माहेरी येते ती हॉलमध्ये झोपते. सगळ्यांचं टीव्ही बघणं संपेपर्यंत बसून राहते. तुझ्या एकदा तरी मनात आलं?”

नव्हतं आलं. ती खोली कुणाची होती हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. वाईट वाटलं, पण फार नाही. तिला सांगायला तोंड होतं, आणि त्या तोंडाने ती इतकी वर्षं माझं मराठी काढत होती.

“बाहेर या,” मी म्हटलं. “तीन दिवस खोली तुमची. गोंबे तुमचे, कॉफीपण तुमची.”

“आणि तो?”

“तो हॉलमध्ये.”

तंबूची चेन उघडली. केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ. “उसळीला खोबरं किती घालतेस?” तिने विचारलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता तंबू उतरवला.

निघायच्या सकाळी टॉर्च घ्यायला खोलीत गेले. माझ्या आरशापुढे तिचा पावडरचा डबा आला होता. माझी उशी तिने खिडकीच्या बाजूला नेली होती आणि तिकडे डोकं करून ती पडली होती. मी त्या पलंगावर कधीच तशी झोपले नव्हते.

“जाताना दार ओढून घे,” ती डोळे मिटूनच म्हणाली.

मी दार ओढलं आणि तंबू, गाद्या, थर्मास सगळं उचलून फाटकापाशी आले. लेक गाडी चालूच ठेवून बसली होती. शेजारच्या सीटवर तिच्या पिशव्या वरपर्यंत रचलेल्या होत्या. मागची सीटही भरलेली. माझ्यासाठी तिने जागाच ठेवली नव्हती.

मी काचेवर टकटक केलं. तिने आधी माझ्या हातातल्या सामानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू खरंच येतेयस?”

“उचल त्या पिशव्या,” मी म्हटलं.