ळ घेऊन सांगलीकडे

सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि ओळीच्या शेवटी ळ आला की आवाज ओढ्यातल्या गोट्यासारखा गडगडायचा. सकाळ, आभाळ, ओंजळ. गुरुजी ओरडत, "जीभ वळवा रे! ल म्हणालात तर कवितेचा पाय मोडेल." तो आवाज अजून कानात आहे. नव्वदच्या दशकातला हा प्रवास त्या ळ-पायीच घडला.

तेव्हा मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करायचो. मी आणि माझा मित्र सुहास, आम्ही सुट्टीच्या दिवशी राबून एका लहान नगरपालिकेला जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचा प्रोग्रॅम फुकट लिहून दिला होता. गावाचं नाव सांगत नाही. आष्ट्याच्या पुढे, एवढंच. आपण काहीतरी बदलतोय असं वाटायचे ते दिवस. मग तिथल्या माने क्लार्कचा फोन आला.

"साहेब, तुमच्या मशिनीत ळ न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी न्हाईच. कांबळ्याचं कांबले, साळुंख्याचं सालुंखे. गवळ्याचा गवली झालाय, गाव हसतंय."

मीही हसलो. अक्षरं आम्ही उत्तरेकडून आणली होती, हिंदीची. तपासताना आमचीच आडनावं टाकून पाहिली होती, जोशी आणि देशपांडे. त्यांत ळ कुठला!

माने आवाज खाली आणून म्हणाला, "एक बाई रोज येऊन बसती. मालक पलटणीत हुता, वारला. नाव जुळंना म्हणून पेन्शन आडलीया."

सुहासनं ठिपक्याला ठिपका जोडून ळ काढला. तो फ्लॉपीत घालून आम्ही निघालो.

तुम्ही जाणार असाल तर स्वारगेटहून सकाळची सांगली गाडी पकडा आणि उजवीकडची खिडकी धरा. आता बोगदा झालाय. तेव्हा एसटी धापा टाकत खंबाटकी चढायची आणि पलीकडे वाईकडचे डोंगर निळ्या पाटीवर खडूनं काढल्यासारखे दिसायचे. साताऱ्याला कंदी पेढे घ्या, पण स्टँडाबाहेरच्या दुकानातून. गाडीत येणारे शिळे निघतात. कराडला मिसळ खा, तर्री बेतानं. पेठ नाक्याला हमरस्ता सुटला की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तिथं शेजारच्या आजोबांनी माझ्या मांडीवरच्या फ्लॉपीच्या डब्याकडे बोट केलं.

"काय जपताय एवढं?"

"ळ आहे."

"मग गड्या उलटा चाललास. गूळ, हळद समदं सांगलीतच लय!"

अख्खी एसटी हसली. त्या प्रवासातलं हसू तिथंच संपलं.

नगरपालिकेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, आत यंत्रावर भरतकामाचं झाकण. सुहासनं फ्लॉपी घातली. प्रिंटर करकरला आणि कागदावर ळ उमटला, गोल, दोन्ही डोळे उघडे. मानेनं त्याला नमस्कार केला. दाराशी मानेनं फोनवर सांगितलेल्या त्या बाई, रत्नाबाई कांबळे, बसल्या होत्या, पदरात नवऱ्याचा 'कांबले' छापलेला दाखला धरून. त्याही उठल्या.

मुख्याधिकारी आले, म्हणाले, "छान. आजपासून ळ सुरू."

"आणि यांचा दाखला?"

"दिलेला आहे. एकाच माणसाचे दोन दाखले? माणूस एकाच नावानं मरतो, जोशीसाहेब. दुरुस्ती हवी तर कोर्टाचा हुकूम आणा."

एकदा दाखला निघाला की नोंद बदलता येऊ नये, असं कुलूप त्यांनीच मागून घेतलं होतं, आणि आम्ही मोठ्या अभिमानानं बसवलं होतं. किल्ली सुहासला पाठ होती. त्याची बोटं कीबोर्डकडे गेली. माने पुटपुटला, "साहेब, नका. माजी नोकरी जाईल." सुहासनं हात मागे घेतला.

रत्नाबाईंना कसं सांगावं कळेना. मीच सांगितलं. त्यांनी पदरातला कागद माझ्यासमोर धरला.

"माजा धनी कांबळे व्हता. ह्यो कांबले कोन मेलाय, मला ठावं न्हाई. त्याचा कागूद मी का सांबाळू?"

सांगलीला मुक्काम करायचं ठरलं होतं. घाटावर बसू, भडंग खाऊ, मी कविता म्हणेन, सुहास कंटाळेल. त्याऐवजी रत्नाबाईंना माझा पत्ता लिहून दिला आणि मिळेल त्या गाडीनं परतलो. सुहासनं पुन्हा असं काम हाती घेतलं नाही.

लोक विचारतात, त्या खटाटोपातून काय उरलं? प्रोग्रॅम केव्हाच मोडीत निघाला, यंत्रही. ज्या अक्षरावर जन्मभर प्रेम केलं ते एका बाईला हवं तेव्हा मला देता आलं नाही, एवढं उरलं. आज कविता वाचताना ळ आला की जीभ अडखळते.

परतल्यावर काही महिन्यांनी भरदुपारी दार वाजलं. पोस्टमन असेल म्हणून उघडलं, तर रत्नाबाई. चपला हातात, पाय धुळीनं भरलेले. पाणी दिलं तर पेला तसाच धरून उभ्या.

"दादा, कोर्टात पालिकेच्या साहेबानं मशिनीतनं कागूद काढून दावला. ळ कसा ठळक आला! साहेब म्हनतो, मशिनीत ळ हाय, मग बाईनंच नाव चुकीचं सांगितलं. मान्याला आटवत न्हाई. लोकांकडचं ल छापल्यालं जुनं दाखलं कोन दावंना. तवा ळ नव्हता, ह्ये आता कोन सांगनार?"

त्यांनी पेला उंबऱ्यावर ठेवला.

"म्हनून तुमाला न्ह्यायला आलीया."