अब्बासची दुसरी शाल

अब्बास माणूस वाईट नव्हे, हे आधी सांगून टाकतो. महाडला पूर आला तेव्हा घराघरांत चिखल साचला होता आणि या पठ्ठ्याने स्वतःचा डंपर डिझेलसकट फुकट लावला होता. लोकांनी त्याला शाल दिली. बायकोने, जहांआराने, ती काचेच्या कपाटात ठेवली. पाहुणा आला की चहाच्या आधी शाल दाखवायची!

पण तो चिखल टाकला कुठे, हे कुणी विचारलं नाही. जवळच्या तुडील गावाच्या खालच्या अंगाला एक पाणथळ होती. झऱ्याचं गोडं पाणी, गुडघाभर लव्हाळा आणि चिखलात मरळ मासे. अब्बासला ती दिसली पडीक. खेपेमागून खेप त्याने तिथेच ओतली. रंगूबाई त्या पाणथळीत मासे धरून महाडच्या बाजारात विकायची. ती डंपरपुढे आडवी उभी राहिली.

"अरे हितं नको रे बाबा, हितं मरळीची पिल्लं हायत!"

अब्बास रात्ररात्र जागलेला, डोकं फिरलेलं. खिडकीतून ओरडला, "मावशी, तिकडं माणसं चिखलात हायत आणि तुला मासे सुचतायत?"

डंपरच्या मागे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. म्हातारी बाजूला झाली. विषय संपला.

संपला कसला! झरा बुजल्यापासून आसपासच्या विहिरी उन्हाळ्याच्या तोंडालाच तळ गाठू लागल्या. यंदा गावाने पाणथळ मोकळी करायचं मनावर घेतलं. माणसं घमेली घेऊन श्रमदानाला उतरली, आणि गाळ वाहायला बोलावलं कुणाला? अब्बासला. "तुमच्यासारखा दिलदार माणूस नाय," म्हणाले. नाही म्हणायला त्याला तोंड कुठे होतं?

गाळ निघू लागला तसे त्यातून लोकांचे संसार निघू लागले. ताटल्या, लहान पोराची चप्पल, देव्हाऱ्यातली घंटा. रंगूबाई बांधावर बसून एकेक वस्तू धुऊन मांडत होती. चिखल ओतणारा कोण, हे गावात तिलाच ठाऊक; ही आता बोलेल, सगळ्यांदेखत बोलेल, या धास्तीने अब्बास डंपरमधून खाली उतरेना. डबासुद्धा आतच खाल्ला. केल्याची लाज वाटत होतीच. पण आपण एका म्हातारीला घाबरून लपलोय, याची त्याहून जास्त वाटत होती.

शेवटच्या दिवशी झरा फुटला. गढूळ, बोटाएवढी धार. टाळ्या पडल्या. सरपंचबाई शाल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "रंगूबाईंच्या हातून देऊया, गावात त्याच सगळ्यांत वडीलधाऱ्या." आता मेलो, असं अब्बासला वाटलं.

रंगूबाईने टाचा उंचावून शाल घातली, खांद्यावर नीट सारखी केली. मग हळूच विचारलं, "तवा चिखलात होती ती घरची माणसं बरी हायत ना रे?"

टोमणा नव्हता हो! असता तर बरं झालं असतं, त्याने निमूट ऐकून घेतला असता. म्हातारी खरोखरच विचारत होती.

"हायत, मावशी," तो म्हणाला. कसंबसं पुढे बोलला, "मासे... कधी येतील परत?"

तिने धारेकडे बघितलं. "येतील की. दोन-चार पावसाळे लागतील. तू बघशील. मी काय, तेव्हा असेन का नाय, कुणाला ठावं!"

लोक टाळ्या वाजवत होते. फोटो काढणारा म्हणाला, "अब्बासभाई, जरा वर बघा."

अब्बासला वर बघवेना.